चोवीस खुर्च्या, तीन खिडक्या

फाइलला कपाट लागतं, माणसाला खुर्ची लागते, साहेबाला केबिन लागते. किस्सा मात्र वर्षानुवर्षं उभ्याने थांबतो आणि तक्रार करत नाही. म्हणून ऑफिसात कशालाच जागा नसली तरी किस्से साठत राहतात. मी निवृत्त झालो तेव्हा एक शाल, एक नारळ आणि हे किस्से घेऊन घरी आलो. शाल जळगावात वापरता येत नाही. नारळाची चटणी झाली. किस्से राहिले.

आम्ही चार निवृत्त लोक सकाळी फिरायला जातो. फिरणं कमी, बसणं जास्त. तिथे कुणी तरी "ती खुर्च्यांची भानगड सांगा" म्हणतो आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

ऑफिस कुठलं ते विचारू नका. जळगावात होतं, एवढं पुरे. लोक दाखल्याचे कागद घेऊन यायचे. आम्ही ते तपासायचो, पालकाचा फोटो आणि अंगठा घ्यायचो आणि शिक्का मारून परत द्यायचो. त्यासाठी तीन खिडक्या होत्या. पहिलीत मी, तपासणीला. दुसरीत तायडे बाई, फोटो-अंगठ्याला. तिसरीत चौधरी अण्णा, सही-शिक्क्याला. बाहेर हॉल होता आणि हॉलवर सत्ता शिपाई सुरवाडे नानांची.

*

प्रत्येक नवा साहेब आल्या आल्या काही तरी हलवतो. एकाने देवाचा फोटो हलवला होता. एकाने स्वतःचं टेबल पूर्वेला फिरवलं होतं. एकाने मला हलवून पाहिलं होतं, पण मी आठ महिन्यांत परत आलो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात जे साहेब आले ते तिशीच्या आतले होते. स्पर्धा परीक्षेआधी त्यांनी इंजिनिअरिंग केलं होतं आणि ते अजून पुरतं उतरलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि विचारलं, "खुर्च्या किती आहेत?"

"आहेत तेवढ्याच," नाना म्हणाले.

"तेवढ्या म्हणजे?"

"चोवीस. एक मोडकी आहे, ती धरली तर पंचवीस. पण ती धरली की माणूस पडतो."

साहेबांनी वर पत्र लिहून आणखी बारा खुर्च्या मागितल्या. उत्तर आलं, असलेल्या खुर्च्यांचा पुरेपूर वापर होत असल्याचा अहवाल पाठवावा, नंतर विचार करू. असं उत्तर आलं की आधीचे साहेब खचायचे. हे खुलले. पांढऱ्या फळ्यावर त्यांनी तीन गोल काढले आणि प्रत्येक गोलाआधी चौकटी आखल्या. गोल म्हणजे आम्ही, चौकटी म्हणजे खुर्च्या. थांबायची जागा ठरावीक आहे, वाढणार नाही. मग ती कुठल्या खिडकीपुढे किती द्यायची म्हणजे लोक लवकर बाहेर पडतील, एवढाच प्रश्न. कारखान्यात, टेलिफोनच्या जाळ्यात, दवाखान्यात, सगळीकडे हाच प्रश्न आहे आणि मोठमोठी डोकी त्यावर काम करतायत, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

नानांनी फळा नीट न्याहाळला आणि मला हळूच विचारलं, "भाऊसाहेब, जगभर खुर्च्या कमी आहेत का?"

मी म्हटलं, खुर्च्या बऱ्याच आहेत, उठणारे कमी आहेत.

*

सोमवारी पहिलं वाटप झालं. आठ, आठ, आठ. कुणावर अन्याय नको.

आता अडचण काय, की तीन खिडक्यांचं काम सारखं नव्हतं. मला एका माणसाला तीन मिनिटं लागायची. अण्णांना दोन. तायडे बाईंना दहाही लागत आणि पंचवीसही, कारण अंगठा. ज्याने जन्मभर कापूस वेचला, केळीचे घड वाहिले, विळा धरला, त्याच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. तायडे बाई एका वाटीत पाणी आणि ओला नॅपकिन ठेवून समोरच्याचा अंगठा पुसत बसायच्या. त्यांचं म्हणणं असं, की या मशीनला फक्त मास्तर आणि कारकून ओळखता येतात.

तासाभरात दुसऱ्या खिडकीपुढच्या आठही खुर्च्या भरल्या. त्याच वेळी माझ्यापुढे पहूरचे एक काका होते. मी त्यांचे कागद तपासले, टिक केली, परत दिले. काका बसूनच.

"काका, झालं तुमचं."

"झालं ना."

"मग उठा. पुढच्या खिडकीला जा."

"तिथं खुर्ची रिकामी नाही. उठून बसू कुठं?"

"उभे राहा थोडा वेळ."

"उभंच राहायचं होतं तर सकाळी सातला येऊन बसलो कशाला?"

बोलणं बिनतोड होतं. काका उठेनात, म्हणून त्यांच्या मागचा माझ्यापुढे येईना. मी रिकामा बसलो. साहेब केबिनमधून आले, पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "याला ब्लॉकिंग म्हणतात. भाऊसाहेब, तुमचं काम झालेलं आहे, पण पुढे जागा नाही म्हणून तुम्ही अडकलात. दोष तुमचा नाही."

नोकरीच्या बत्तिसाव्या वर्षी मला काम न करण्याचं शास्त्रीय कारण मिळालं. मी ड्रॉवरमधून पुस्तक काढलं.

त्याच दिवशी पाचव्या खुर्चीवर सुमनअक्का बसल्या होत्या. पारोळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. वय साठीच्या आसपास, कागद जुन्या लुगड्याच्या एका धडप्यात बांधलेले. त्या दिवशी माझ्याशी त्यांचं बोलणं एकदाच झालं, तेही त्यांनी जागेवरूनच केलं. त्यांची मुलगी रेखा धुळ्याला राहून भरतीची तयारी करत होती. धावण्याच्या परीक्षेत ती पास झाली होती. पुढच्या सोमवारी धुळ्याला कागदांची तपासणी. बाप नसल्यामुळे पालक म्हणून फोटो-अंगठा अक्कांचा.

"भाऊ, शिक्का नई लागना ते पोरगी घर बशी जाई," अक्का म्हणाल्या.

म्हणजे आमच्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ होता. पाच दिवस, तीन खिडक्या. मला त्यात काही अवघड दिसलं नाही.

पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा अक्का दुसऱ्या खुर्चीपर्यंत आल्या होत्या. आजचा नंबर उद्या चालत नाही, असा आमचा नियम. मी त्यांना आधी बोलावू शकलो असतो. नोकरीभर मी कुणाला आधी बोलावलं नाही, याचा मला अभिमान होता. त्या संध्याकाळी तो जरा टोचला, पण घरी जाईपर्यंत राहिला जागेवर.

*

चौधरी अण्णांचं वेगळंच. दुसरी खिडकी तुंबलेली, त्यामुळे तिसरीपर्यंत माणूस पोचायचाच नाही. आठ खुर्च्या रिकाम्या आणि अण्णा शिक्का हातात घेऊन बसलेले. शिक्क्याची शाई वाळायची, अण्णा परत लावायचे.

साहेबांनी यालाही शब्द सांगितला. कामच पोचत नाही, त्या अवस्थेला इंग्रजीत उपासमार म्हणतात. आणि फळ्यावर मराठीत लिहिलं: 'खिडकी ३: उपासमार.'

अण्णा गेली कित्येक वर्षं एक वाजेपर्यंत कळ काढत आले होते. फळा वाचून ते उठले, डबा उघडला आणि सकाळी पावणेबाराला भरीत-भाकरी खायला बसले. तिकडून साहेब आले. अण्णांनी फळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आपल्याच आदेशाने."

साहेब रागावले नाहीत. रिकाम्या माणसाला काम दिलं पाहिजे, म्हणून त्यांनी अण्णांना रेकॉर्ड रूमचा जादा कार्यभार दिला. तिथली जागा चार वर्षं रिक्त होती. या एका ओळीच्या आदेशातून पुढे काय निघालं, ते सांगतोच.

*

मंगळवारी नवं वाटप. तुंबतं तिथे जागा जास्त द्यायची, म्हणून चार, सोळा, चार. हिशेब बरोबर होता. अक्का पहिल्या बसने आल्या आणि सकाळी अकरालाच माझ्याकडून मोकळ्या झाल्या. मी मनात म्हटलं, शास्त्रात तथ्य आहे.

पण हॉलमध्ये दोन पंखे. त्यातला चालणारा एक. तो तिसऱ्या खिडकीच्या वर. आणि मे महिना. जळगावात मे महिन्यात रांग खिडकीपुढे लागत नाही, पंख्याखाली लागते.

सोळा खुर्च्यांवरची माणसं एकेक करून खुर्चीसकट सरकली. बाराच्या सुमाराला साहेबांच्या चार-सोळा-चारचं चार-दोन-बावीस झालं. बेरीज अठ्ठावीस येत होती, कारण दोघांनी केबिनबाहेरच्या व्हिजिटरच्या खुर्च्या आणल्या होत्या आणि दोघे मोडक्यावर आळीपाळीने बसत होते. कोण अंगठ्यासाठी थांबलंय, कोण शिक्क्यासाठी आणि कोण नुसतं वाऱ्यासाठी, ते अण्णांना कळेना. अण्णा ज्याला त्याला विचारत होते, "तुम्ही कशासाठी?" एकाने सांगितलं, "मी समोरच्या बँकेत आलोय. तिथं पंखा नाही."

तायडे बाईंनी अक्कांचं नाव दोनदा पुकारलं. ते त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. पंखा आवाज फार करायचा. नाव गेलं, दुसऱ्याचा नंबर लागला. संध्याकाळी मी अक्कांना म्हटलं, अहो, तुम्ही तिकडे का जाऊन बसलात?

"तठे गरम व्हस, भाऊ. आठे बरं शे."

मी स्वतः दिवसभर खुर्ची तिकडेच फिरवून बसलो होतो.

*

मधेच एक छोटा किस्सा. साहेबांना मागच्या व्हरांड्यात एक सागवानी बाक सापडला. तोही हिशेबात धरायचा म्हणून त्यांनी नानांना विचारलं, याच्यावर किती माणसं बसतात?

"पाच," नाना म्हणाले.

दुपारी साहेबांनी मोजली तर नऊ.

"नाना, तुम्ही पाच म्हणालात."

"पाचच बसतात साहेब. बाकीच्यांना 'सरका जरा' म्हणता येतं."

साहेबांनी बाक परत व्हरांड्यात ठेवायला लावला. ज्याची क्षमता बसणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून आहे, ती वस्तू गणितात घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

*

आता रुमालाचं.

बुधवारी साहेबांनी कॅमेऱ्यातून हॉल पाहिला. सगळ्या खुर्च्या भरलेल्या आणि माणसं सहा. बाकी खुर्च्यांवर रुमाल, टोप्या, पिशव्या, एकीवर एक वांगं. माणसं बाहेर चहाच्या टपरीवर. तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली असेल, तर तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही. साहेब पुण्यात वाढलेले. ते म्हणाले, कापडाला बसायला जागा आणि माणूस उभा, हे चालणार नाही. त्यांनी लेखी आदेश काढला: 'हॉलमधील खुर्च्यांवर आढळणारे सर्व रुमाल तात्काळ हलवावेत.' कुठे हलवावेत ते लिहिलं नाही. नेमकी तिथेच गफलत झाली.

आमच्या खात्यात रुमाल म्हणजे नाक पुसायचं फडकं नव्हे. जुने कागद कापडात गाठ मारून बांधलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणायची पद्धत आहे, ती थेट पेशव्यांच्या दप्तरापासूनची. रेकॉर्ड रूममध्ये असे शेकडो रुमाल एकावर एक. त्यामुळे 'रुमाल हलवा' म्हटलं की ते कुठे जातात, हे शिपायाला विचारावं लागत नाही. नानांनी हातगाडी आणली, सगळं गोळा केलं आणि रेकॉर्ड रूमला पोचवलं. तिथे चौधरी अण्णा. चार वर्षांत त्या खोलीत नवं काही आलं नव्हतं आणि अण्णांना कार्यभार घेऊन दीड दिवस झाला होता. त्यांनी प्रत्येक फडक्याला आवक क्रमांक दिला, चिठ्ठी लावली आणि रॅकवर चढवलं. वांग्याची नोंद त्यांनी 'इतर' या सदरात केली.

लोक चहा पिऊन आले. ज्यांचे साधे रुमाल गेले ते थोडं बोलले आणि पुन्हा जागेवर बसले. सुमनअक्का मात्र रिकाम्या खुर्चीपुढे उभ्या होत्या. त्या टपरीवर गेल्याच नव्हत्या. हात धुवायला गेल्या होत्या. तायडे बाईंनीच सांगितलं होतं, अंगठा साबणाने चोळून या, म्हणजे रेषा वर येतील.

"बठ्ठा कागद त्याम्हाच शेतस," त्या म्हणाल्या. सगळे कागद त्या धडप्यातच होते.

मी त्यांना घेऊन अण्णांकडे गेलो. अण्णांना वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं. पण कापडात बांधलेले, गाठ मारलेले, सहीशिक्क्याचे शासकीय कागद ही रुमालाची व्याख्याच आहे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. एकदा आवक झालेला रुमाल बाहेर काढायला अर्ज लागतो. अर्ज केला तर नक्कल मिळते. मूळ कागद खोलीबाहेर जात नाही.

"अण्णा, त्यांचेच कागद आहेत."

"आता रेकॉर्ड आहे ते."

गुरुवारचा दिवस यात गेला. अक्का सकाळपासून रेकॉर्ड रूमच्या दारात जमिनीवर बसून होत्या. तिथे खुर्ची नव्हती. मी अर्ज लिहिला, तो मीच फाडला, कारण नक्कल घेऊन त्या धुळ्याला जाऊन काय करणार? मी कायद्याचं पुस्तक काढलं. तायडे बाईंनी वर्गणी काढून अण्णांना चहा पाजायची सूचना केली. शेवटी मार्ग नानांनी काढला. त्यांनी अण्णांना विचारलं, रॅकवर चढवलेला रुमाल झाडायला खाली काढता येतो की नाही? येतो, अण्णा म्हणाले, तो नियमच आहे, वर्षातून एकदा. मग झाडा, नाना म्हणाले. अण्णांनी अक्कांचं गाठोडं खाली काढलं, गाठ सोडली आणि दारात उभं राहून जोरात झाडलं. कागद अक्कांच्या मांडीवर पडले. रिकामं धडपं अण्णांनी परत घडी करून क्रमांकासह रॅकवर ठेवलं.

ते अजून तिथेच असेल. तोपर्यंत पाच वाजले होते.

*

शुक्रवारी साहेबांनी फळा पुसून टाकला. रात्रभर विचार केला असावा, डोळे लाल होते. म्हणाले, आपण खुर्च्या खिडक्यांना वाटतोय, हेच चुकतंय. खुर्ची खिडकीला नाही, माणसाला द्यायची. दारात प्रत्येकाला एक खुर्ची. ती घेऊन त्याने पहिल्या खिडकीला जायचं, तीच घेऊन दुसऱ्या, तीच घेऊन तिसऱ्या. बाहेर पडताना दारात परत. खुर्च्या चोवीस, म्हणजे आत माणसं चोवीसच. एक बाहेर आला की एक आत. नोंद ठेवता यावी म्हणून नानांनी प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल रंगाने आकडा घातला. साहेबांनी आदेशही लिहिला: 'काम पूर्ण होईपर्यंत धारकाने खुर्ची सोडू नये व काम पूर्ण झाल्याखेरीज ती परत घेऊ नये.' मागच्या अनुभवाने त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. मला त्यात खोट दिसली नाही.

आणि सांगायला हरकत नाही, ही व्यवस्था चालली. माणसं डोक्यावर खुर्च्या घेऊन हिंडत होती, हॉल मांडववाल्याच्या गोदामासारखा दिसत होता, पण कुणी कुणाला अडवत नव्हतं. माझं झालं की माणूस खुर्ची उचलून चालू पडायचा. मला चार दिवस चालू असलेलं पुस्तक मिटावं लागलं. साहेब दारात हात बांधून उभे होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच फळ्याकडे नव्हता.

अक्कांना चार नंबरची खुर्ची मिळाली. माझ्याकडून त्या लवकर गेल्या. दुसऱ्या खिडकीत मात्र अंगठा घेताना मशीन अडून बसलं. डावा नाही, उजवा नाही. पुन्हा प्रयत्न करा. तायडे बाईंनी मागच्यांना थांबायला सांगितलं आणि अक्कांचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसताच ठेवला. गरम झाला की उमटतो, म्हणाल्या. चार वाजून वीस मिनिटांनी उमटला. मागच्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवली, ती कुणी उचलली नाही. पाचला दहा कमी असताना अण्णांनी शिक्का मारला. कागद दोनदा वाचला, शाईवर फुंकर घातली आणि मगच दिला.

दारात नाना रजिस्टर घेऊन बसले होते. ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "काम झालं का?" झालं म्हटलं की खुर्ची ठेवून घेत.

अक्का खुर्ची काखेत मारून उभ्या राहिल्या. "नई. काम बाकी शे, नाना. सोमवारले धुयाले शे ना."

नानांनी आदेश काढून वाचला. काम पूर्ण झाल्याखेरीज परत घेऊ नये. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'खुर्ची क्र. ४. काम बाकी. धारकासोबत रवाना.' आणि अक्कांचा अंगठा घेतला. शाईच्या पॅडवर तो पहिल्या झटक्यात उमटला.

पुढच्या आठवड्यात खुर्च्या मोजल्या तर तेवीस. साहेबांनी नानांना बोलावलं. नानांनी आदेश आणि रजिस्टर दोन्ही टेबलावर ठेवलं. साहेबांनी स्वतःची सही नीट पाहिली आणि सगळं गणित तेवीसवर नव्याने मांडायला घेतलं.

*

बुधवारी सकाळी अक्का आल्या. खुर्ची हातात. पायांना सुतळीच्या खुणा, कारण एसटीच्या टपावर बांधून गेली होती. कंडक्टरने खुर्चीला प्रवासी धरायचं की सामान, यावर एरंडोलपर्यंत वाद घातला म्हणे. आम्ही सगळे खिडक्या सोडून दारात जमलो. साहेबही आले.

अक्कांनी सांगितलं ते असं. धुळ्याला मोठं मैदान. शेकडो पोरी, त्यांचे आईबाप, डोक्यावर ऊन. खिडक्यांपुढच्या रांगा पार फाटकापर्यंत. कागद चारपर्यंतच पाहणार, उरतील त्यांच्या जागी पुढची यादी बोलावणार, असं भोंग्यावर सांगून टाकलेलं. रेखा रांगेच्या शेपटाला, दुपारचा एक वाजलेला. अक्कांचे गुडघे दुखत होते. त्यांनी एका भिंतीच्या सावलीत खुर्ची मांडली आणि बसल्या. कागद सांभाळायला रेखाला शेजारी उभं केलं.

जरा वेळाने एक पोरगी रेखाच्या मागे येऊन उभी राहिली. तिने खुर्चीच्या पाठीवरचा लाल चार वाचला होता. मग दोघी आल्या. मग पाच-सात. त्यांनी विचारलं, मावशी, इथं कधी सुरू होणार? अक्का म्हणाल्या, येतीन आते. येतील आता. अर्ध्या तासात ती रांग भिंतीच्या टोकाला वळली. तेवढ्यात एक मोठे अधिकारी फेरी मारत आले. एवढी रांग, आणि पुढे ना टेबल ना माणूस. ते आपल्याच लोकांवर ओरडायला लागले, इथलं टेबल कुठाय?

अक्का इथे थांबल्या आणि खुर्ची नानांपुढे ठेवली. नानांनी विचारलं, "काम झालं का?"

"झायं. पोरनाच पयला नंबर लागना."

नानांनी रजिस्टर उघडून 'काम बाकी' वर काट मारली. साहेब मात्र कागद-पेन घेऊन पुढे सरकले. त्यांना आकडे हवे होते. त्यांनी विचारलं, "अक्का, तिथं खिडक्या किती होत्या?"

"तीन व्हत्यात," अक्का म्हणाल्या. "मी बसनू, मंग चार झायात."